शिकाऊ सिस्टर आणि बाळंतपण: एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



गेल्या महिन्यात जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी हिपॅटायटिस बी लसीचा तिसरा डोस घ्यायला माझ्याकडे आली. लवकरच तिची लेबर रूमची पोस्टिंग सुरू होणार होती. इंजेक्शन झाल्यावर ती म्हणाली, "सर, मला पुढे लेबर रूममध्येच काम करायचंय. पण मैत्रिणी सांगतात, नातेवाईक जवळ उभं राहू देत नाहीत. शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरला बोलवा म्हणतात. मग आम्ही शिकायचं कसं?"

त्याच आठवड्यात रक्तदाबाच्या तपासणीला आलेल्या एका काकूंनी नेमकी उलटी तक्रार केली. "डॉक्टर, सुनेच्या बाळंतपणात तीन-तीन शिकाऊ मुली येऊन बघून जात होत्या. हे बरोबर आहे का हो?"

मला दोघींचंही म्हणणं पटलं. शिकणारीच्या हातून आईला किंवा बाळाला इजा होता कामा नये. पण प्रत्यक्ष बाळंतपण पाहिल्या-केल्याशिवाय तिचा हात तयार होणार नाही, आणि उद्या तुमच्या-आमच्या घरातल्या मुलींना तयार हाताची सिस्टर मिळणार नाही. हा पेच नवा नाही. गेली अडीचशे वर्षं वेगवेगळ्या देशांत त्यावर उत्तरं शोधली गेली. काही उत्तरं चांगली निघाली, काही फार महागात पडली. आज नर्सिंगच्या विद्यार्थिनीला लेबर रूमसाठी जे शिकवलं जातं, त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट या शोधातून आली आहे. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

कापडाची बाई, कापडाचं बाळ

पहिलं उत्तर फ्रान्समधून. अठराव्या शतकात तिथल्या खेड्यांत बाळंतपणं सुईणीच करत, आणि त्यातल्या बहुतेकींना कसलंही रीतसर शिक्षण नव्हतं. १७५९ साली राजा पंधराव्या लुईने आंजेलिक द्यु कुद्रे नावाच्या एका अनुभवी सुईणीला देशभर फिरून सुईणींना शिकवण्याचं अधिकारपत्र दिलं. त्याच वर्षी बाळंतपणावरचं तिचं पुस्तकही प्रसिद्ध झालं.

पण तिच्यासमोर बसणाऱ्या अनेक बायकांना वाचता येत नव्हतं. मग तिने एक युक्ती केली. कापड, चामडं आणि आत भरलेला कापूस यांचा तिने बाईच्या कमरेखालच्या भागाएवढा पुतळा बनवला. त्यात बाळ होतं, नाळ होती, वार होती. बाळ पायाळू असेल, आडवं असेल, जुळं असेल तर काय करायचं, हे तिच्या विद्यार्थिनी या पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करून बघत. चूक झाली तरी कोणाचा जीव जात नसे.

वीस-पंचवीस वर्षं ती गावोगाव फिरली आणि काही हजार बायकांना तिने शिकवलं. तिच्या पुतळ्यांपैकी एक आजही फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. आपल्या नर्सिंग कॉलेजांतल्या स्किल लॅबमध्ये आज रबरी पुतळा असतो, त्यामागची कल्पना तीच आहे. हात आधी पुतळ्यावर बसवायचा आणि मग जिवंत बाईजवळ जायचं.

व्हिएन्नाचे दोन वॉर्ड

पुतळ्यावर हाताची हालचाल शिकता येते. हातावर काय चिकटलेलं असतं, हे मात्र पुतळा सांगत नाही. तो धडा व्हिएन्नाने शिकवला.

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणपणाच्या विद्यार्थिनी. एका दिवशी आलेल्या बायका एका विभागात, दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्यात, अशी पद्धत होती. म्हणजे दोन्हीकडच्या बायका सारख्याच. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात दर १०० पैकी ११ हून अधिक बाळंतिणी मरण पावल्या आणि दुसऱ्यात ३ पेक्षा कमी. बहुतेक मृत्यू बाळंतज्वराने होत. गावातल्या बायकांनाही हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नको, असं त्या रडून विनवत.

तिथे काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला या फरकाने झोप येईना. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे एक ज्येष्ठ सहकारी वारले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या शरीरात दिसलेले बदल थेट बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखे होते. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टरकीचे विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करतात आणि त्याच हातांनी येऊन बायकांना आतून तपासतात. सुईणपणाच्या विद्यार्थिनी शवविच्छेदन करत नव्हत्या.

त्याने मे महिन्यात नियम केला की तपासण्याआधी प्रत्येकाने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायचे. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातला मृत्यूदर १८ टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास आला. पुढच्या वर्षी दोन्ही विभागांचे आकडे जवळजवळ सारखे झाले.

काकूंच्या तक्रारीचं एक उत्तर इथे आहे. व्हिएन्नात ज्या विभागात कमी बायका दगावत होत्या, तोही शिकणाऱ्यांचाच विभाग होता. फरक न धुतलेल्या हाताचा होता. जंतूंची माहिती तेव्हा कोणालाच नव्हती, आणि सेमेलवाइसचं म्हणणं बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. १८६५ साली तो एका वेड्यांच्या इस्पितळात वारला.

नाइटिंगेलबाईंनी बंद केलेला वॉर्ड

परिचारिकांच्या शिक्षणाचं नाव निघालं की फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवतात. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची नर्सिंगची शाळा सुरू झाली, हे अनेकांना माहीत असतं. त्यांनी बाळंतपण शिकवण्याचाही प्रयत्न केला आणि तो त्यांना स्वतःच थांबवावा लागला, हे फारसं सांगितलं जात नाही.

शाळेनंतर थोड्याच काळात त्यांच्या निधीतून लंडनच्याच किंग्ज कॉलेज इस्पितळात बाळंतिणींचा एक छोटा वॉर्ड सुरू झाला. खेड्यांतल्या बायकांनी इथे सहा महिने शिकायचं आणि परत जाऊन गोरगरिबांची बाळंतपणं करायची, अशी योजना होती. पण वॉर्डात बाळंतज्वर शिरला. माता दगावू लागल्या. १८६७ साली हा वॉर्ड बंद करण्यात आला.

नाइटिंगेलबाई इथे थांबल्या नाहीत. त्यांनी ठिकठिकाणच्या सूतिकागृहांचे आणि घरच्या बाळंतपणांचे मृत्यूचे आकडे गोळा केले. १८७१ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. निष्कर्ष धक्कादायक होता. त्या काळी घरापेक्षा इस्पितळात बाळंत होणं जास्त धोक्याचं होतं. म्हणून बाळंतपणाची जागा इतर रोग्यांपासून वेगळी हवी, गर्दी नको आणि प्रत्येक मृत्यूची नोंद हवी, असं त्यांनी मांडलं. आज लेबर रूम बाकीच्या वॉर्डांपासून वेगळी असते, तिथे चपला बदलाव्या लागतात, गर्दी करू दिली जात नाही, आणि विद्यार्थिनीला पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवायला शिकवतात. आत सोडत नाहीत म्हणून सिस्टरवर रागावताना हे लक्षात असू द्या.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतंच, असं नाही. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीजवळ कोण असावं याचं वर्णन आहे. विश्वासाच्या, पोक्त वयाच्या, बाळंतपणात कुशल अशा चार स्त्रिया असाव्यात आणि त्यांची नखं कापलेली असावीत, असं तिथे सांगितलं आहे. नखांची ही सूचना मला फार आवडते. आजही लेबर रूममध्ये शिरण्याआधी ट्यूटर विद्यार्थिनींची नखंच आधी बघतात.

पण नंतरच्या काळात बाळंतपण विटाळाचं मानलं गेलं. अंधारी खोली, जुनेर, आणि समाजाने खालच्या ठरवलेल्या जातीची सुईण, अशी सांगड बसली. सुईणीचा हात अनुभवी असे, माया असे. पण नाळ विळ्याने कापली की धनुर्वाताने बाळं जात, आणि बाळ अडलं तर पुढे नेण्यासारखी जागा नसे.

आनंदीबाई जोशी याच अनुभवातून डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. पुढे त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. दुसऱ्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात क्षयाने गेल्या.

साधारण त्याच सुमाराला इथे प्रयत्न सुरू झाले होते. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी यासाठी निधी उभा राहिला. मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झालं. १९०३ साली लेडी कर्झन यांनी देशी सुईणींना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. पण शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतल्या मुली या कामाकडे वळत नव्हत्या. परक्याचं रक्त, परक्याचा विटाळ, रात्रपाळी; नर्स म्हणजे हलकं काम, हाच समज होता.

हा समज मोडायला पुण्याने मोठा हातभार लावला. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. पुढे दोनच वर्षांत सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनींना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्या काळात विधवेला घराबाहेर तोंड दाखवू देत नसत, त्या काळात ती पांढरी साडी नेसून वॉर्डात उभी राहिली आणि महिन्याच्या शेवटी पगार घेऊ लागली. या मुलींना इस्पितळात पाठवण्यासाठी रमाबाईंना समाजाची बोलणी खावी लागली. आज तुमच्या मुलीने "मला नर्सिंगला जायचंय" म्हटलं आणि घरात कोणी नाक मुरडलं, तर त्यांना हे जरूर सांगा.

१९४६ चा हिशेब

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. दर १००० जन्मांमागे सुमारे २० माता मरत होत्या. सबंध देशात प्रशिक्षित नर्स सुमारे ७,००० आणि प्रशिक्षित सुईणी सुमारे ५,००० होत्या. म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. एवढ्या वस्तीत वर्षाला दोनेक हजार तरी बाळंतपणं होत असणार. एक बाई कुठे कुठे पुरी पडणार?

त्यामुळे पन्नासच्या दशकापासून एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. उपकेंद्रात भेटणाऱ्या आपल्या नर्सबाई त्या याच. दुसरीकडे जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात बाळंतपणाचं शिक्षण सक्तीचं झालं. सिस्टरच्या नावापुढे आर.एन., आर.एम. अशी अक्षरं दिसली, तर त्यातला आर.एम. म्हणजे नोंदणीकृत मिडवाइफ, म्हणजे रीतसर शिकलेली सुईण.

एका कागदाची करामत

मी नव्वदच्या दशकात इंटर्न असताना लेबर रूमच्या रात्रपाळीत माझी पहिली शिक्षिका एक वयस्कर सिस्टर होत्या. मी घाईघाईने ग्लोव्हज चढवायला लागलो तर म्हणाल्या, "डॉक्टर, आधी बसा. पोटावर हात ठेवा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. दहा मिनिटांत किती कळा, प्रत्येक कळ किती सेकंद, एवढंच मला सांगा." तासभर मी तेवढंच केलं. त्या तासात मला बाळंतपण जेवढं कळलं, तेवढं पुस्तकातून कळलं नव्हतं.

त्या हे आकडे एका कागदावर भरत होत्या. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, त्याला फार उपयोगी रूप दिलं. तिथे खेड्यांतल्या केंद्रांवर फक्त मिडवाइफ असत आणि डॉक्टर लांब शहरात. बाळंतपण रेंगाळतंय हे मिडवाइफला वेळेत कळावं म्हणून त्यांनी आलेखावर दोन रेषा आखल्या. पहिली ओलांडली की सावध व्हायचं आणि बाईला मोठ्या इस्पितळात हलवायची तयारी करायची. त्यानंतर चार तासांवर दुसरी रेषा, म्हणजे आता काहीतरी करायलाच हवं. अनुभवी सुईणीच्या अंदाजाला यामुळे शिकाऊ मुलीलाही वाचता येईल असं रूप मिळालं.

बाळासाठीही असाच एक सोपा हिशेब आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी जन्मलेल्या बाळाला गुण द्यायची पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि रंग, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. त्याआधी बाळ निळं पडलं तर 'नशीब' म्हणून बाजूला ठेवलं जाण्याची भीती असे. गुण द्यायचे म्हटल्यावर प्रत्येक बाळाकडे कोणाला तरी नीट बघावंच लागलं.

शिकलेलं सोडणंही आलं

या इतिहासाची एक बाजू आम्ही डॉक्टर-नर्स मंडळींनी प्रांजळपणे सांगायला हवी. आमच्या वेळी विद्यार्थिनींना 'बाईची तयारी' म्हणून केस काढणं आणि एनिमा देणं सरसकट शिकवलं जाई. पहिलटकरणीला टाक्यांचा छेद द्यायचाच, हेही गृहीत असे. पुढे अभ्यास झाले आणि या गोष्टी सरसकट केल्याने फायदा होत नाही असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात त्या नित्यनेमाने करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. पार्टोग्राफही बदलला. २०२० च्या नव्या पत्रकात तासाला एक सेंटिमीटर ही सरसकट अपेक्षा काढून टाकली आहे, कारण बऱ्याच निरोगी बायकांचं बाळंतपण त्याहून सावकाश होतं. आईने बरोबर कोणाला हवं ते सांगावं, तिला आवडेल त्या स्थितीत राहावं, तिच्यावर ओरडू नये, हेही आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमात लेबर रूमचा दर्जा याच कसोट्यांवर तपासला जातो. २०१८ पासून नर्सेसना अठरा महिन्यांचं जादा शिक्षण देऊन खास मिडवाइफ तयार करण्याचं धोरणही आलं आहे.

या सगळ्याचा परिणाम काय? भोर समितीच्या काळी एक लाख जन्मांमागे सुमारे २,००० माता जात. २०१८-२० च्या आकड्यांनुसार देशात हे प्रमाण ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होतं. याचं श्रेय एकट्या नर्सेसचं नाही. रक्तपेढ्या, प्रतिजैविकं, सिझेरियन, १०८ ची गाडी, आशाताई, उशिरा होणारी लग्नं, सगळ्यांचा वाटा आहे. पण रात्री अडीच वाजता बाईच्या अंगावरून जास्त जातंय हे पहिल्यांदा लक्षात येतं ते बहुतेक वेळा सिस्टरच्या.

मग शिकाऊ मुलीने काय करावं, आपण काय करावं?

माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला मी एवढं सांगितलं:

- हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण कर आणि नंतर प्रतिकारशक्तीची तपासणी करून घे. लेबर रूममध्ये रक्ताशी रोज गाठ आहे.
- नखं कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या आणि प्रत्येक तपासणीआधी हात धुतलेले. ग्लोव्हज घातले तरीही.
- स्किल लॅबच्या पुतळ्यावर कंटाळा येईपर्यंत सराव कर. रक्तस्राव आणि न रडणारं बाळ, या दोन प्रसंगांत विचार करायला वेळ मिळत नाही.
- पहिले काही दिवस कळा मोज, ठोके मोज, लिहून ठेव. घाई करू नकोस.
- बाईला आपलं नाव सांग, विद्यार्थिनी आहे हे सांग, हात लावण्याआधी विचार.
- शंका आली की लगेच मोठ्या सिस्टरला हाक मार. चुकीची हाक मारल्याबद्दल बोलणी बसली तर बसू दे.

आणि काकूंना, म्हणजे तुम्हा सर्वांना:

- 'तपासणारी कोण आहे आणि तिच्याबरोबर कोण आहे?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विद्यार्थिनीजवळ अनुभवी सिस्टर किंवा डॉक्टर हवेच.
- एकाच कारणासाठी अनेकांनी पुन्हा पुन्हा आतून तपासणं योग्य नाही. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा.
- हात धुतले का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.
- पण सगळं ठीक असेल, वरिष्ठ जवळ असतील, तर त्या मुलीला हाकलू नका. पाठ चोळायला, धीर द्यायला, कळा मोजायला ती तासन्‌तास थांबते. एवढा वेळ आम्हा कोणाकडेच नसतो.

काकूंनी हे सगळं ऐकलं आणि जरा वेळाने म्हणाल्या, "खरं सांगू का डॉक्टर, त्यातलीच एक मुलगी पहाटेपर्यंत सुनेचा हात धरून बसली होती. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही."

पुढच्या वेळी जरूर विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यापैकी काहीही झालं तर वाट न बघता लगेच इस्पितळ गाठा.)